वॉर्डात शांत, बाहेर काय? न्यायालयाच्या आदेशाने दाखल झालेल्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

मानसोपचार समाजकार्य शिकणाऱ्यांसाठी हे प्रकरण जुळवलेलं आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात पोलीस ठाणं, कोर्ट, कारागृह आणि मनोरुग्णालय या चार दारांतून फिरणाऱ्या अनेकांच्या कहाण्यांचे धागे यात आहेत. कुणा एका माणसाची किंवा संस्थेची फाइल यात शोधू नये. ज्याच्याबद्दल बोलायचं आहे त्याला घरच्या हाकेनेच बाळा म्हणू.

बाळा ३४ वर्षांचा. गाव मुरबाड तालुक्यात, आई तिथेच. तो दिघ्याला चाळीत एका खोलीत राहायचा आणि रबाळे एमआयडीसीत कंत्राटदाराकडून हेल्पर म्हणून कामाला जायचा. थोरली बहीण कळव्याला दिलेली. दीड-दोन वर्षं त्याचं काहीतरी बिनसलं होतं. रात्री झोप नाही, स्वतःशी पुटपुटणं, कामावर खाडे. गावी नेऊन देवऋषीला दाखवून झालं. शेजारचा रिक्षावाला मीटरच्या डब्यातून आपल्याबद्दल बोलतो, कंपनीत बातम्या पोचवतो, अशी त्याची पक्की खात्री झाली होती. एका सकाळी त्याने शेजाऱ्यावर कोयता उगारला. शेजारी वाचला, पण डावा हात कापला गेला.

गुन्हा १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू होण्याच्या, आधीचा, म्हणून भारतीय दंड संहितेचं कलम ३०७ लागलं, खुनाचा प्रयत्न. कारागृहात त्याने जेवणात विष आहे म्हणून ताट परत करायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कळवलं. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत नाही असं ठरलं आणि कोर्टाने त्याला मनोरुग्णालयात पाठवलं. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२८ आणि ३२९ मध्ये होती, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३६७ आणि ३६८ मध्ये आहे.

पहिल्या मुक्कामाचं थोडक्यात सांगतो. निदान स्किझोफ्रेनिया. दोन औषधं पुऱ्या डोसने, पुरेसे आठवडे देऊनही कानात येणारे आवाज थांबले नाहीत, म्हणून क्लोझापिन सुरू झालं. चार-पाच महिन्यांत आवाज विरले, जेवण सुरळीत झालं, तो वॉर्डात झाडलोट करू लागला. पुढे तपासणी होऊन तो खटल्यासाठी तंदुरुस्त असल्याचा अहवाल गेला. रजिस्टरमध्ये शेवटची नोंद पडली: ‘सुधारणा. तंदुरुस्त. कारागृहाकडे रवाना.’

पाच आठवड्यांत तो परत आला. अंगावर चार दिवसांचे कपडे, कानात कापसाचे बोळे.

नियमाप्रमाणे नवा केस पेपर, नवा क्रमांक. वर्षअखेरीच्या तक्त्यात बाळा दोन माणसं झाला: एक बरा होऊन गेलेला आणि एक नव्याने आलेला. पहिली नोंद यशात मोजली गेली, दुसरी कामाच्या बोज्यात. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत आणि दोन्ही मिळून जे चित्र उभं राहतं ते खोटं आहे. उपचारांचं फलित मोजायचं असेल तर मुक्काम मोजून चालत नाही, माणूस मोजावा लागतो. एकच ओळख क्रमांक मनोरुग्णालय, कारागृह आणि पुढची ओपीडी या तिन्ही ठिकाणी त्याच्यासोबत गेला, तरच हे जमेल. तंत्राच्या दृष्टीने यात अवघड काही नाही. अडचण एवढीच की तिन्ही ठिकाणं तीन वेगळ्या वरिष्ठांना उत्तरं देतात.

तो दुसऱ्यांदा दाखल झाल्यावर टीम बसली: मनोविकारतज्ज्ञ मॅडम, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मॅडमचा प्रश्न सरळ होता. पहिल्या वेळी आपण चांगलं काम केलं की वाईट?

लक्षणांपुरतं बोलायचं तर चांगलं. पॅन्स नावाची मोजपट्टी वापरली होती. तिच्यात ३० बाबी, प्रत्येकीला १ ते ७ गुण. म्हणजे ठणठणीत माणसालाही ३० मिळतातच. हे विसरून टक्केवारी काढणारे अहवाल मी पुष्कळ वाचले आहेत. समजा गुण ११० वरून ७० वर आले, तर घट ३६ टक्के नाही. दोन्हीकडून तळाचे ३० वजा केले की ८० चे ४० होतात, म्हणजे घट ५० टक्के. चूक इथे रुग्णालयाच्या विरुद्ध जाते, म्हणून कुणी ती लपवतंय असंही म्हणता येत नाही, निव्वळ आळस. पण हिशोब बरोबर केला तरी पॅन्सला एवढंच कळतं की या आठवड्यात, या वॉर्डात, या डोसवर लक्षणं किती आहेत. बाळा पाच आठवड्यांत परत येणार की नाही हे तिने सांगावं, अशी अपेक्षाच चुकीची.

बैठकीत सगळ्यात कामाचं वाक्य वॉर्डातल्या मामांनी सांगितलं. ते चहा द्यायला आले होते. ‘मॅडम, तो हितं ठीकच असतो. हितं त्याच्या अंगावर कोण येतंय?’

हिंसेची जोखीम तपासायला जगभर वापरली जाणारी एचसीआर-२० नावाची पद्धत आहे, तिची तिसरी आवृत्ती २०१३ ची. तिच्यातल्या दहा बाबी भूतकाळाच्या, पाच सध्याच्या मनःस्थितीच्या आणि पाच पुढच्या व्यवस्थेच्या. भूतकाळाच्या दहा बाबी कधी खाली येत नाहीत. कोयता उगारला तो उगारलाच. म्हणून निव्वळ बेरीज केली की माणूस आयुष्यभर धोकादायकच दिसतो. तिसऱ्या आवृत्तीत बेरजेवर भर नाहीच. शेवटच्या पाच बाबी मात्र दोनदा तपासायच्या असतात: एकदा माणूस आत असताना काय, आणि एकदा बाहेर गेला तर काय. मामांनी तेच विचारलं होतं. पहिल्या मुक्कामात फक्त ‘आत’चा रकाना भरला गेला होता.

दुसऱ्या वेळी ‘बाहेर’चा रकाना भरायला समाजसेवक दिघ्याला, कळव्याला आणि मुरबाडलाही जाऊन आले. जे सापडलं ते असं.

राहण्याची जागा: वॉर्डात खाट आहे. बाहेर तीच खोली, शेजाऱ्याला चिकटलेली तीच भिंत आणि भिंतीवर तोच मीटरचा डबा. भाडं थकलेलं, पण घरमालकाने कुलूप तोडलेलं नाही.

औषध: वॉर्डात सिस्टर समोर उभ्या राहून गोळी गिळायला लावतात. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या आठवणीने त्याने एकही गोळी कधी घेतलेली नव्हती. केस पेपरवर मात्र ‘औषधं नियमित घेतो’ असं लिहिलेलं. घेतो कसला, देतात.

ताण: आत रेशन नाही, भाडं नाही, मुकादमाच्या शिव्या नाहीत, ओव्हरटाइम नाही. इथे न भडकणं याला तो ताण पेलतो असं म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा.

आणि एक बाब कुठल्याच रकान्यात नव्हती. बाळा बिडी ओढायचा. वॉर्डात बिडी बंद, फार तर कुणाकडून चिमूटभर तंबाखू. बिडीच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर निकालात काढतं आणि रक्तातली पातळी घसरते. चघळायच्या तंबाखूने तसं होत नाही, कारण हे काम निकोटिनचं नसून धुराचं असतं. म्हणजे वॉर्डात ठरवलेला डोस बाहेर त्याच माणसाला अपुरा पडू शकतो. ही गोष्ट मानसोपचारात सगळ्यांना माहीत असते, पण डिस्चार्जच्या कागदावर कुणी लिहीत नाही.

मग पाच आठवड्यांत काय झालं होतं? टीमने तारखा जुळवल्या तेव्हा दिसलं की त्याला शुक्रवारी संध्याकाळी कारागृहात नेलं गेलं. सोबतच्या पाकिटात औषधांची चिठ्ठी होती, गोळ्या नव्हत्या. तिथल्या साठ्यात क्लोझापिन नव्हतं. ते मागवेपर्यंत सोमवार उलटला. क्लोझापिनचा खंड ४८ तासांपेक्षा जास्त पडला तर जुन्या डोसवर थेट परतता येत नाही. रक्तदाब कोसळण्याची, झटका येण्याची भीती असते, म्हणून १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा पायरी पायरीने चढावं लागतं. शिवाय पहिले १८ आठवडे दर आठवड्याला आणि पुढेही ठरावीक अंतराने रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी. नव्या जागी हे सगळं नव्याने बसवण्यापेक्षा दुसरं, सोपं औषध देणं तिथल्या डॉक्टरांना सुरक्षित वाटलं. त्यांच्या जागी बहुतेकांना तसंच वाटलं असतं. पण ते औषध त्याला पूर्वीच लागू पडलेलं नव्हतं.

माझ्या मते पहिल्या मुक्कामाचं खरं फलित या शुक्रवार ते सोमवारात आहे. सगळे महिने वॉर्डात मोजमाप झालं, आणि जिथे माणूस एका हातातून दुसऱ्या हातात गेला तिथे मोजायला कुणीच नव्हतं.

तंदुरुस्तीच्या दाखल्याबद्दलही बोलायला हवं, कारण तो आपल्याकडे सर्रास ‘बरा झाला’ या अर्थाने वाचला जातो, कधी नातेवाईकांकडून तर कधी चक्क सरकारी वकिलांकडून. इथे तीन काळांचे तीन प्रश्न आहेत. गुन्ह्याच्या क्षणी आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, हा कालचा प्रश्न. तो दंड संहितेच्या कलम ८४ चा, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चा, आणि त्याचं उत्तर न्यायाधीश देणार. खटला समजून घेऊन वकिलाला माहिती देता येते का, हा आजचा. पुढे त्याच्यापासून कुणाला धोका आहे का, हा उद्याचा. दाखला फक्त आजचं उत्तर देतो. आजाराची लक्षणं बरीच शिल्लक असलेला माणूसही खटल्यासाठी तंदुरुस्त असू शकतो.

आणि आजचं उत्तरही जपून घ्यावं. कैदी पेशंट एकमेकांना शिकवतात. ‘जज विचारतील तर म्हणायचं, गुन्हा कबूल नाही’ हे वाक्य अर्ध्या वॉर्डाला पाठ असतं. मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या वेळी बाळाला व्याख्या विचारल्या नाहीत, प्रसंग दिला. कोर्टात काळ्या कोटातले दोघं उभे आहेत, त्यातला एक तुझ्याबद्दल खोटं बोलला, तर तू कुणाला आणि कसं सांगशील? बाळा बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘माझ्या वकिलाला. पण तो मला भेटलाच नाही अजून.’ उत्तर बरोबर होतं आणि तक्रारही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील नेमलेला होता, पण कोर्टात न्यायला पोलीस एस्कॉर्ट नाही म्हणून तारखा हुकत गेल्या आणि दोघांची गाठच पडली नव्हती.

मुक्कामाची लांबी हा तर सगळ्यात फसवा आकडा. आसामातल्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक करून तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं होतं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते ठीक असल्याचं कळवलं. त्यांची सुटका झाली २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. यातल्या शेवटच्या ३८ वर्षांचा आजाराशी काही संबंध नव्हता. आजही कैदी पेशंट किती दिवस राहिला हे कोर्टाच्या तारखा, पोलीस एस्कॉर्ट, जामीनदार आणि घरच्यांची तयारी यांवर ठरतं. म्हणून टीमने मुक्कामाचे दोन तुकडे केले: उपचारांसाठी लागलेले दिवस आणि वैद्यकीयदृष्ट्या गरज संपल्यावर गेलेले दिवस. दुसऱ्या तुकड्यापुढे कारण लिहायचं, दर आठवड्याला. असा साधा तक्ता कुठल्याही वॉर्डात उद्यापासून ठेवता येईल, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळापुढे तो ठेवला तर बोलणं नेमकं होतं.

इंग्लंडमधल्या सुरक्षित रुग्णालयांसाठी होनॉस-सिक्युअर नावाची मोजपट्टी आहे. बारा बाबी आजाराच्या आणि त्यांच्या जोडीला सात सुरक्षेच्या: याला पळून जाण्यापासून रोखणारी इमारत लागते का, बाहेर नेताना सोबत किती माणसं लागतात, याला इतरांपासून धोका आहे का. ती इथे जशीच्या तशी लावायची घाई करू नये असं मला वाटतं. तिकडे सुरक्षेच्या पायऱ्या आहेत आणि माणूस एकेक पायरी उतरतो. न्याय मंत्रालयाचं नियंत्रण असलेल्या रुग्णालाही परवानगीने आधी सोबतीने, मग एकट्याने बाहेर सोडून पाहतात. आपल्याकडे कुलूपबंद वॉर्डातून माणूस थेट कारागृहात किंवा थेट घरी जातो. मधली पायरीच नाही, मग ती उतरताना तो कसा वागला हे मोजणार कुठून? त्या पट्टीतला एक प्रश्न मात्र उचलण्यासारखा आहे: या माणसाला आज किती बंदोबस्त लागतो? किती आहे, हे वेगळं. दारावरचा गार्ड कोर्टाच्या आदेशामुळे असतो, तो बाळाच्या प्रकृतीप्रमाणे कमीजास्त होत नाही.

मधली पायरी नाही, तर वॉर्डातच जमेल तेवढी बांधायची असं ठरलं. सिस्टरांनी बाळाला आठवड्याच्या गोळ्यांचा कप्प्यांचा डबा दिला. घ्यायच्या त्याने, मोजायच्या त्यांनी, तेही वार न सांगता. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या तीन गोळ्या शिल्लक निघाल्या. इन्चार्ज सिस्टर नाराज झाल्या, मॅडम खूश झाल्या, कारण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी खरं मोजलं गेलं होतं. कारण विचारल्यावर तो म्हणाला की रात्रीच्या गोळीने उशी लाळेने भिजते, लाज वाटते. डोस विभागून दिला, लाळेवर उपाय केला. डबा पुढे रिकामा निघू लागला.

फलिताचा एक रकाना रुग्णाने स्वतः भरावा, हा विचार अलीकडे जोर धरतो आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फॉरेन्सिक, म्हणजे गुन्ह्याच्या प्रकरणातून उपचारांत आलेल्या, रुग्णांसाठी तयार केलेल्या फोरम या मापनात रुग्णाची प्रश्नावली वेगळी आणि उपचार करणाऱ्यांची वेगळी आहे. बाळाला विचारलं, तुझ्या मते तू बरा झालास हे कशावरून ओळखायचं? त्याने तीन गोष्टी सांगितल्या: तारखेला नेलं पाहिजे, आईशी फोनवर बोललं की रडू येऊ नये, आणि कंपनीचा पास परत मिळावा. टीमच्या यादीत यातलं काहीही नव्हतं.

आता शेजारी. तो अजून त्याच चाळीत राहतो. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट वळत नाहीत, आणि रिक्षाचा क्लच डाव्या हाताने दाबायचा असतो. समाजसेवक भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, ‘तो आजारी होता हे मला पटतं हो. पण तो सुटणार कधी हे मला कोण सांगणार?’ कुठल्याच मोजपट्टीत याला जागा नाही. पीडितांना भरपाई मिळण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७अ मध्ये होती, नव्या संहितेत ३९६ मध्ये आहे. हे त्याला आजवर कुणीही सांगितलेलं नव्हतं. अर्ज समाजसेवकांनी भरून दिला. हे रुग्णालयाचं काम नाही असा आक्षेप बैठकीत निघाला. मला तो पटत नाही. शेजारी घाबरलेला असेल तर बाळाची ‘बाहेर’ची जोखीम वाढते, एवढं स्वार्थी कारणही पुरेसं आहे.

दिघ्याला परत जायचं नाही हे उघड होतं. मुरबाडला आई आहे, पण तिथून रक्ततपासणीला दर वेळी येणं तिला झेपणारं नव्हतं. राहिली कळव्याची बहीण. ताई तयार होत्या, सासरे नव्हते. ‘पाहुणा म्हणून चार दिवस चालेल, कोर्टाचा माणूस म्हणून नको,’ असं त्यांचं म्हणणं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ म्हणतो की घर नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि रुग्णालय व घर यांच्यामधल्या मुक्कामाची, अर्धमार्ग गृहांसारखी सोय सरकारने करायची आहे. सोय नसेल तेव्हा काय होतं हेही आपण पाहिलं आहे: बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवण्याच्या महाराष्ट्रातल्या प्रकाराची सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दखल घेऊन ते थांबवायला सांगितलं होतं. कागदावर तेही ‘डिस्चार्ज’च होते.

अखेर जामिनाचा अर्ज झाला. अटी अशा: ताई जामीनदार, दिघ्याच्या हद्दीत जायचं नाही, ओपीडीत हजेरी आणि तिचा कागद कोर्टात. जामीन मंजूर झाला तरी जामीनदाराची कागदपत्रं पुरी होईपर्यंत बाळाला कारागृहात राहावं लागलं. या वेळी सोबत पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या. पत्रात पहिल्याच ओळीत ४८ तासांचा नियम होता आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीखही. निघण्याआधी मॅडमनी तिथल्या डॉक्टरांना फोन केला. एकही डोस चुकला नाही. मला विचाराल तर दोन्ही मुक्कामांतली सर्वात महत्त्वाची मोजणी हीच.

बाळा आता ताईंकडे आहे. पोटमाळ्यावर झोपतो, सकाळी ताईंच्या मुलाला शाळेत सोडतो. बिडी पूर्ण सुटलेली नाही, दिवसाला किती ते ओपीडीच्या कागदावर प्रत्येक वेळी लिहिलं जातं. ताईंच्या मोबाइलमध्ये टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सेव्ह आहे. वर्ष झालं, पोलिसांत नवी तक्रार नाही. अहवालात ‘पुनर्गुन्हा नाही’ हे यश म्हणून लिहावं असा मानसशास्त्रज्ञांचा आग्रह होता, मॅडमनी नकार दिला. गंभीर हिंसा मुळातच क्वचित घडते. उपचार न मिळालेल्या अनेकांच्या बाबतीतही वर्षभरात काही घडत नाही, मग हे श्रेय कशाचं धरायचं? त्यांनी त्याऐवजी चार ओळी लिहिल्या: औषधात खंड नाही, तारखा सगळ्या हजर, राहण्याची जागा टिकून पण हमी नाही, काम नाही.

खटला सुरू आहे आणि एक पेच पुढे उभा आहे. गुन्ह्याच्या वेळी तो वेडाच्या भरात होता असं कोर्टाने मानलं तर निर्दोष सुटका होईल, पण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३५ प्रमाणे, नव्या संहितेत ३७४, अशा माणसाला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा आदेशही होऊ शकतो, आणि त्याला ठरलेली मुदत नसते. खटला जिंकून बाळा पुन्हा कुलपाआड जाऊ शकतो. त्याच कलमात दुसरा रस्ता आहे: नातेवाइकाने अर्ज करून, हमी देऊन त्याला आपल्याकडे घेणं. वकिलांनी तो अर्ज आत्ताच तयार करून ठेवला आहे, सोबत वर्षभराचे रक्ततपासणीचे कागद आणि ओपीडीच्या नोंदी जोडल्या आहेत. ताईंची सही झाली आहे. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यांची संमती अजून बाकी आहे. समाजसेवक रविवारी पुन्हा कळव्याला जाणार आहेत.